नानांची कांदा चाळ आणि चिकटणारा रॉड

सांधा तुटला नाही, सुटला. वेल्डिंगवर जमलेली खपली उडवायला चिपिंग हातोडीचे दोन-तीन ठोके दिले आणि पन्नास मिलिमीटरचा लोखंडी अँगल खांबापासून अलगद वेगळा झाला. भिंतीवर थापलेली गोवरी वाळली की निघते तसा. उचलून पाहिला. वरून वेल्डिंग चांगलं जाड दिसत होतं, पण खालची बाजू गुळगुळीत. खांबावरचा रेड ऑक्साइडचा रंग कडेकडेने जसाच्या तसा. लोखंड लोखंडात गेलंच नव्हतं, नुसतं वर बसलं होतं.

नाना मागेच उभे होते, हातात चहाचा पेला. ते रागावले असते तर परवडलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, ह्याच्यावर मी पंचवीस टन कांदा टाकायचा का?"

मार्च संपत आला होता. निफाड तालुक्यातली ही वस्ती, गावठाणापासून तीन किलोमीटर आत, चहूबाजूंनी कांदा आणि द्राक्षबागा. उन्हाळ कांदा काढायला यायच्या आत तो साठवायची चाळ उभी करून देईन असा शब्द मी दिलेला. चाळीचं काम दिसायला सोपं असतं. खांब, खालून हवा खेळावी म्हणून जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला तळ, बाजूंना फटी ठेवून मारलेल्या पट्ट्या, वर पत्रे. पण कांद्याचा ढीग नुसता खाली दाबत नाही, बाजूंनाही रेटतो, आणि भाव मिळेपर्यंत, म्हणजे कधीकधी थेट दिवाळीपर्यंत, रेटत राहतो. बाजूचा एक अँगल सुटला की चाळीचं पोट फुगलंच म्हणायचं.

माझं दुकान गावात, स्टँडजवळ. तिथे जुनं तेलाचं, म्हणजे तेलात बुडवलेल्या ट्रान्सफॉर्मरचं वेल्डिंग मशीन आहे, हलवायला दोन माणसं लागतात, पण गेली १८ वर्षं कुरकुर न करता चालतंय. मळ्यातल्या कामांसाठी दोन वर्षांपूर्वी छोटं इन्व्हर्टरचं वेल्डिंग मशीन घेतलं. वर २०० अँपिअर लिहिलेलं, वजन सात किलो, पट्टा खांद्याला अडकवून मोटरसायकलवर नेता येतं. पहिल्यांदा चालवलं तेव्हा इतका मऊ आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी ठिणगी, मिळाला की बारा नंबरच्या बारीक रॉडने पातळ चौकोनी पाइपला भोक न पाडता टाके मारता आले. तेच मशीन आता रॉड टेकवला की चिकटवत होतं. झटका देऊन सोडवायचा, पुन्हा टेकवायचा, बोटभर चालला न चालला की आर्क फुस्स. पेटलेला असतानाही आवाज बरोबर नव्हता. चांगला आर्क कढईत भजी सोडल्यासारखा एकसारखा चरचरतो. हा मध्येच थुंकत होता आणि छर्रे उडवत होता.

अशा वेळी कुठलाही वेल्डर जे करतो तेच मी केलं, करंट वाढवला. १०० वरून १२०, मग १४०. दहा नंबरच्या, म्हणजे ३.१५ मिलिमीटरच्या रॉडच्या पाकिटावर साधारण ९० ते १३० अँपिअर छापलेले असतात. १४० ला तो चिकटायला नको, उलट अँगलची कड खायला हवी. तरी चिकटत होता. मशीनच्या पडद्यावरचा आकडा आणि रॉडपर्यंत पोचणारा करंट ह्या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे तिथेच डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. मी १६० केलं.

मग रॉडवर संशय. पाकीट गेल्या पावसाळ्यात फोडलेलं, दुकानात खालच्या फळीवर पडून होतं. एक-दोन रॉडच्या टोकाला लेप फुगलेला, पांढरट. नेहमीचा ६०१३ चा रॉड ओल धरतो, आणि ओला रॉड छर्रे उडवतो, आर्क नीट धरत नाही, हे खरं आहे. बरेच जण रॉड जॉबला, म्हणजे कामातल्या लोखंडाला, चिकटवून ठेवून लाल होईपर्यंत तापवतात, तो अघोरी प्रकार; त्यात लेप तडकतो आणि मशीनचेही हाल होतात. ६०१३ ला शंभर-एकशेदहा अंशांवर तासभर सुकवलं तरी पुरतं. माझ्याकडे भट्टी नाही. संध्याकाळी तालुक्याहून नवंकोरं पाकीट आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातलाच मळ्यात पोचलो. पहिला रॉड टेकवला आणि काय सांगू, लोण्यासारखा चालला. कडेपर्यंत वितळलेला रस दिसत होता, खपली आपोआप सुटून येत होती. मी हाताखालच्या पोराला रॉड सुकवण्यावर छोटंसं भाषणही देऊन घेतलं. जुनं पाकीट नानांच्या चुलीपाशी टाकलं. साडेनऊ-पावणेदहापर्यंत सहा खांब झाले. मग पुन्हा तेच. टेकवला की चिकट.

पोरगा काही बोलला नाही, पण भाषण त्याच्या लक्षात होतं.

आता मी ठरवलं की मशीन तापतंय. सकाळी थंड असतं म्हणून चालतं, दोन तासांनी दम टाकतं. ह्यात अर्थ नव्हता असं नाही. अशा मशीनला दहा मिनिटांतली किती मिनिटं सलग जोर लावता येईल ते ठरलेलं असतं, आणि मार्चच्या उन्हात पत्र्याजवळ ठेवलेलं मशीन त्याहून आधीच थकतं. पण तापलं तर पिवळा दिवा लागतो आणि मशीन स्वतःच बंद पडतं. दिवा लागला नव्हता. तरी दुपारी दुकानात आणून उघडलं. प्लग काढून दहा मिनिटं थांबलो. आतल्या मोठ्या कपॅसिटरांत सव्वातीनशे व्होल्टपर्यंत साठा असतो आणि प्लग काढला म्हणून तो लगेच जात नाही. माझ्या ओळखीच्या एकाने घाई केली होती, त्याचं मनगट आठवडाभर सुन्न होतं. मीटरने साठा उतरल्याची खात्री केली आणि मग हात घातला. आत ग्राइंडरची काळी बुकटी, बोटाने रेघ ओढता येईल इतकी. ही बुकटी लोखंडाची असते, साध्या धुळीपेक्षा वाईट. पंखा बोटाने धरून कॉम्प्रेसरच्या हलक्या हवेने सगळं उडवलं. समाधान वाटलं. फरक शून्य.

मग तालुक्याच्या गावी एका रिपेअरवाल्याकडे. त्याने मशीन टेबलावर ठेवून दोन मिनिटं ऐकलं, म्हणजे मशीनला, मला नाही, आणि म्हणाला, "कार्ड गेलंय." कार्ड म्हणजे आतली सर्किटची पाटी. आमच्याकडे मशीनच्या आत जे काही बिघडतं ते कार्डच असतं. दोन दिवस आणि २८०० रुपये. मशीन न्यायला गेलो तेव्हा त्याच्याच दुकानात रॉड चालवून पाहिला, मस्त चालला. माझ्या दुकानात चालवला, मस्त. शनिवारी दहाच्या सुमारास नानांच्या चाळीपाशी टेकवला. चिकटला.

त्या दिवशी मी मशीन तिथेच मातीत ठेवून बांधावर जाऊन बसलो. समोरच्या तुकड्यात कांद्याला पाणी चाललं होतं. पाट भरून वाहत होता. पलीकडे द्राक्षबागेवर मोटर, त्याच्या पलीकडे आणखी एक. हे सगळं मी पाहत होतो आणि तरी माझ्या डोक्यात काही येत नव्हतं, ह्याचं आजही आश्चर्य वाटतं.

नानांचा मुलगा म्हणाला, "दादा, एक स्टॅबिलायझर लावून बघू का?" मी त्याला झटकलं. नंतर कळलं की बोट त्याने बरोबर जागी ठेवलं होतं, इलाज मात्र चुकीचा होता.

संध्याकाळी तात्यांकडे गेलो. तात्या मोटरी वाइंडिंग करतात, चाळीस वर्षं तेच. दुकानात दिवा एक, स्टूल एक, आणि तांब्याच्या तारेचा वास. मी मशीन त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता चिकटतो?"

मी म्हणालो, "नऊ-साडेनऊनंतर. तापतंय बहुतेक."

"आणि मळ्यात थ्री फेज किती वाजता येते ह्या आठवड्यात?"

मी गप्प. साडेनऊला.

आमच्याकडे शेतीच्या लाइनवर मोटरींना लागणारी थ्री फेज वीज ठरावीक तास असते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. बाकी वेळ वस्तीतले दिवे-पंखे चालतील एवढी सिंगल फेज. रात्रीच्या पाळीला उठून विहिरीवर जायला नको म्हणून बहुतेकांनी स्टार्टरला ऑटो स्विच बसवलेत. त्यामुळे थ्री फेज आली की डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदमच उठतात, पाच हॉर्सच्या, साडेसातच्या, कुणाची दहाची. नानांच्या घरातला दिवा त्या क्षणी पिवळा पडतो. तो पिवळा पडतो हे वस्तीतल्या लहान पोरालाही माहीत आहे.

"मी अठ्ठेचाळीस वेळा तो दिवा पाहिला असेल तात्या."

"पाहिलास. मोजला नाहीस," तात्या म्हणाले. "सकाळी साडेआठला येतो. मशीन परत होतं तिथेच नेऊन ठेव. वायरी जशा आहेत तशाच ठेव, पुसू-बिसू नको काही."

रविवार. तात्या मोपेडवरून आले, पुढे पिशवीत मल्टिमीटर आणि वायरीभोवती लावून अँपिअर मोजायचा चिमट्याचा मीटर. आल्याआल्या चहा नाकारला, जे त्यांच्या बाबतीत गंभीर लक्षण आहे. आधी नानांच्या घराच्या बोर्डावर व्होल्ट मोजले, २२४. मग मला रॉड चालवायला लावला आणि तो चालू असताना पुन्हा मोजले. बोर्डावर २१३, आणि माझ्या एक्स्टेंशनच्या दुसऱ्या टोकाला, मशीनच्या प्लगपाशी, १८८. चिमटा वायरीला लावला, १८ अँपिअर. रॉड ठीक चालत होता.

मग आम्ही साडेनऊची वाट पाहत बसलो. नानांनी चहा पुन्हा आणला, आता तात्यांनी घेतला. साडेनऊला तीन-चार मिनिटं कमी असताना विहिरीकडून घुर्र असा आवाज आला, मागोमाग दुसऱ्या, तिसऱ्या मळ्यातून. बोर्डावर मीटर २२४ वरून घसरत १९४ वर थांबला. अजून मी रॉड टेकवलाही नव्हता.

"आता मार."

मारला. तात्या बोर्डापाशी ओरडले, "एकशेऐंशी." मग प्लगपाशी आले, मीटरकडे बघून काही बोललेच नाहीत, मीटर माझ्याकडे वळवला. १४६. रॉड चिकटला होता, मी तो सोडवायचंही विसरलो. चिमट्यावर आर्क असताना २४ अँपिअर दिसले होते.

माझी समजूत होती की व्होल्ट कमी मिळाले तर मशीन करंटही कमी ओढेल, बल्ब मंद होतो तसं. जुनं तेलाचं मशीन साधारण तसंच वागतं, लाइन बसली की आर्कही नरम पडतो. इन्व्हर्टरचं उलट. तुम्ही मागितलेले ११० अँपिअर रॉडला देण्यासाठी त्याला ठरावीक ताकद लागतेच, मग व्होल्ट कमी मिळाले तर ते अँपिअर जास्त ओढून हिशेब पुरा करायला बघतं. १८८ ला १८, तर १४६ ला २४. गुणाकार करून बघा, जवळपास तोच येतो. आणि जास्त अँपिअर ओढले की वायरीत आणखी व्होल्ट पडतात, म्हणजे मशीनला आणखी कमी मिळतात, म्हणजे ते आणखी ओढतं. स्टॅबिलायझरनेही हेच झालं असतं. पुढे व्होल्ट वाढवून दिले असते, पण मागून लाइनमधून त्याच्या बदल्यात अँपिअरच उपसले असते.

वायर कुठली होती? घरापासून चाळीपर्यंत साठ मीटर, दीड स्क्वेअरची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांब्याची, तीन कोअर, ड्रमवर गुंडाळलेली. दिव्याला, ग्राइंडरला ठीक. तात्यांनी तिथेच जमिनीवर काडीने हिशेब मांडला. साठ जायचे, साठ यायचे, एकशेवीस मीटर तांबं. दीड स्क्वेअरला त्याचा रोध १.४ ओहम. गुणिले २४, झाले ३४ व्होल्ट. बोर्डावर १८०, प्लगला १४६, बरोब्बर ३४. मला हिशेब जुळल्याचा आनंद झाला आणि त्याच वेळी आपण दोन वर्षं ही वायर घेऊन फिरतोय ह्याची लाज वाटली.

ड्रमबद्दल एक गैरसमज तिथेच निघाला. मी ऐकलं होतं की गुंडाळलेली वायर चोकसारखी काम करते आणि करंट अडवते. तात्यांनी मान हलवली. जाणारा आणि येणारा करंट एकाच केबलमध्ये शेजारी शेजारी असतो, एकाचं चुंबक दुसरा मारतो, चोक-बिक काही होत नाही. मात्र गुंडाळीची उष्णता बाहेर पडत नाही. त्यांनी माझा हात ड्रमच्या आतल्या थरावर ठेवला. भाकरी टाकण्याआधी तवा बघतो तितका ऊन.

तात्यांच्या दुकानात सबमर्सिबलची चपटी केबल होती, चार स्क्वेअरची, एका गिऱ्हाईकाच्या बोअरसाठी आणलेली. ती दोन दिवसांसाठी उसनी घेतली. टोकांना लग दाबून, भक्कम प्लग लावून जोडली. थ्री फेज चालूच होती, मोटरी चालूच होत्या. मशीनपाशी आता १७० मिळाले. मशीनच्या मागे २३० व्होल्ट, पंधरा टक्के कमी-जास्त असं छापलंय, म्हणजे खाली १९५ पर्यंत. १७० त्यातही बसत नव्हते. पण पहिल्या खांबापाशी रॉड टेकवला आणि चालला. अगदी सकाळसारखा नाही, पण चालला.

मी तात्यांच्या पाया पडायच्या बेतात होतो. ते म्हणाले, "त्या टोकाला मारून दाखव."

चाळीच्या पलीकडच्या टोकाला, चाळीस फुटांवर, रॉड पुन्हा चिकटला.

इथे मला माझी हुशारी दाखवायची लहर आली. तात्यांचा चिमटा घेतला आणि वेल्डिंगच्या केबलला लावला, बघू तरी किती अँपिअर जातायत. मीटर दाखवतोय शून्य पॉइंट काहीतरी. आर्क डोळ्यांसमोर पेटलाय आणि मीटर म्हणतोय करंटच नाही. तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. साधा चिमटा एसी मोजतो. मशीनमध्ये जाणारी लाइन एसी, बाहेर येणारा करंट डीसी. त्याला वेगळा चिमटा लागतो, आणि तो आमच्या दोघांकडे नव्हता.

"नसू दे. व्होल्ट तर मोजता येतात ना," म्हणाले आणि मल्टिमीटर डीसीवर केला.

मग जे केलं ते मी आता प्रत्येक नव्या जागी करतो, म्हणून नीट सांगतो. दोन माणसं लागतात. एकाने आर्क धरून ठेवायचा, दुसऱ्याने मीटरची एक काडी मशीनच्या अर्थिंगच्या टर्मिनलला आणि दुसरी जॉबला, रॉडच्या जवळ, घासून स्वच्छ केलेल्या जागी टेकवायची. हा परतीचा रस्ता आहे, रॉडमधून जॉबमध्ये गेलेला करंट क्लॅम्प आणि केबलमधून मशीनकडे परत येतो तो. रस्ता चांगला असेल तर दोन्ही काड्यांमध्ये जवळपास काहीच दिसायला नको, एखादा व्होल्ट फार तर. (हे रॉडच्या वेल्डिंगसाठी. टिग ह्या दुसऱ्या प्रकारच्या वेल्डिंगच्या मशीनला आर्क उडवायला हाय फ्रिक्वेन्सी असेल तर मीटर असा लावू नका, मीटर जाईल.)

मी काळी काच तोंडावर घेतली, आर्क जेमतेम धरला, चार-पाच सेकंदच टिकायचा. तात्या जॉबवर काडी दाबून वाकून बसले. "सात पॉइंट चार," त्यांचा आवाज आला.

साडेसात व्होल्ट, वाटेतच. आर्कला स्वतःला ह्या करंटवर चोवीस-पंचवीस व्होल्ट लागतात. म्हणजे आर्कच्या जेवणातला पाव वाटा वाटेत कुणीतरी खात होतं.

आता ते कोण, हे शोधायला काडी एकेक पाऊल मागे सरकवायची. पोराला मजा वाटू लागली, त्याने पाटीवर खडूने आकडे लिहायला घेतले. टर्मिनलपासून क्लॅम्पपर्यंतची नुसती केबल, १.९. ती मशीनबरोबर आलेली, सोळा स्क्वेअरची, आणि सुरीने टोक खरवडलं तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं अॅल्युमिनियम. त्या केबलला मध्ये मीच एक सांधा मारला होता, तीन मीटर लांबवायला, नुसत्या तारा पिळून वर काळी टेप. तो सांधा १.३. क्लॅम्प २.६. आणि क्लॅम्पपासून चाळीच्या सांगाड्यातून त्या टोकापर्यंत १.६. बेरीज ७.४.

क्लॅम्पचं सांगण्यासारखं आहे. दिसायला बरा होता, स्प्रिंग थोडी सैल. उलटून पाहिलं तर केबल एकाच जबड्याला जोडलेली, आणि त्या जबड्यातून दुसऱ्यात करंट नेणारी तांब्याची वेणी केव्हाच तुटून काळी पडलेली. जो जबडा जोडलेला होता तो नेमका अँगलच्या रंगाच्या बाजूला. रंगावर. म्हणजे सगळा करंट दुसऱ्या जबड्यातून, स्प्रिंगच्या खिळ्यातून वाट काढत जात होता. २.६ व्होल्ट गुणिले ११० अँपिअर धरले तर पावणेतीनशे वॉटच्या वर होतात, मुठीएवढ्या जागेत. रोज काम संपल्यावर तो क्लॅम्प सोडताना मी फडकं घेऊन सोडायचो, इतका पोळायचा, आणि मला वाटायचं उन्हाने तापला असेल.

मशीनपाशीही एक गंमत निघाली. केबलचं टोक खोबणीत घालून फिरवून घट्ट करायचं असतं. माझं नुसतं घातलेलं होतं, अर्धवट फिरलेलं. काढलं तर पितळेवर निळसर-काळा डाग.

सांगाड्याचे १.६ व्होल्ट ही शुद्ध माझी चूक. क्लॅम्प सकाळी पहिल्या खांबाला लावायचा आणि संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवायचा, ही सवय. लोखंड सगळं एकच आहे, कुठेही लावा, असं मी पोरालाही शिकवलं होतं. पण अर्धी चाळ तेव्हा नुसत्या टाक्यांवर आणि बोल्टांवर उभी होती, मध्ये रेड ऑक्साइडचे थर, आणि त्यातले काही टाके तर मीच मारलेले, न चिकटलेले.

प्लगला १७० असूनही जवळच्या टोकाला का चाललं आणि दूरच्या टोकाला का नाही, हे मी रात्री झोपताना जुळवलं. लाइन चांगली असते तेव्हा मशीनच्या पोटात सव्वातीनशे व्होल्टची पुंजी असते, त्यामुळे बाहेर सात-आठ व्होल्टची गळती असली तरी ते वरून जोर लावून भरून काढतं. दोन वर्षं त्याने हेच केलं असणार, मला कळू न देता. १४६ मिळाले की पोटात दोनशेच्या आसपास उरतात, मग वर द्यायला काही शिल्लक नाही. १७० ला थोडं उरतं, ते जवळच्या टोकाला पुरतं, पण दूरच्या टोकाला सांगाड्याची गळती वर आली की पुरत नाही. दुकानात वायर लांब नाही, क्लॅम्प थेट टेबलाला. रिपेअरवाल्याकडे तर क्लॅम्पही त्याचाच. मशीन तिथे चालणारच होतं.

सोमवारी नाशिकला जाऊन सामान आणलं. पंचवीस स्क्वेअरची खरी तांब्याची वेल्डिंग केबल, दोन्ही टोकांना दाबलेले लग, आणि स्प्रिंगऐवजी स्क्रूने आवळायचा क्लॅम्प. होल्डरचाही आतला स्क्रू ढिला निघाला, तोही आवळला. साठ मीटर चार स्क्वेअर स्वतःची घेतली. सगळे मिळून खर्च कार्डापेक्षा बराच जास्त झाला, ते बायकोला अजून नीट सांगितलेलं नाही.

पुन्हा मोजलं. क्लॅम्प लावायच्या जागी ग्राइंडरने रुपयाएवढं चकाकतं लोखंड काढलं, क्लॅम्प कामाच्या हातभर अंतरावर. टर्मिनल ते जॉब, ०.९ व्होल्ट. तात्यांना फोन करून आकडा सांगितला, ते फक्त "हं" म्हणाले.

एक त्रास मात्र नवा आला. आता आर्क जोरात चालत होता, आणि अँगलच्या टोकाशी, कोपऱ्यात गेला की वाऱ्याने ज्योत वाकावी तसा एका बाजूला पळायचा. डीसीत हे होतं. करंट एकाच बाजूने परत जातो आणि कोपऱ्यात चुंबक दाटतं. जुन्या एसी मशीनवर मला हे कधी दिसलं नव्हतं म्हणून क्षणभर घाबरलो, म्हटलं पुन्हा सुरू झालं. क्लॅम्प दुसऱ्या बाजूला नेला, आर्क आखूड ठेवला, करंट थोडा उतरवला, भागलं.

राहिलं होतं ते जुनं काम. कुठले सांधे सकाळचे आणि कुठले साडेनऊनंतरचे हे मला आठवत नव्हतं, पण हातोडीला कळत होतं. पोरगा आणि मी एकेक सांधा ठोकत गेलो. सकाळचे खणखणीत वाजायचे. दुपारचे बद्द. एकोणीस सांधे ग्राइंडरने साफ कापून पुन्हा मारले, नानांकडून त्याचा एक पैसा घेतला नाही, आणि घ्यायची हिंमतही नव्हती. त्या आठवड्यात थ्री फेज रात्रीची होती, त्यामुळे दिवसभर लाइन चांगली मिळाली. तरी शेवटचे चार सांधे मी मुद्दाम पुढच्या आठवड्यासाठी ठेवले, दिवसाच्या पाळीसाठी.

त्या सकाळी नाना खुर्ची टाकून बसले. साडेनऊला मोटरी उठल्या, घरातला दिवा पिवळा पडला. मी तेव्हा नेमका मधल्या खांबावर होतो. आर्क किंचित कण्हला, मी रॉड जरा जवळ घेतला आणि ओळ तशीच पुढे नेली. रॉड संपल्यावर काच वर केली तर नाना उठून आले होते, माझ्या हातातली चिपिंग हातोडी घेतली आणि स्वतःच खपली उडवली. मग आणखी चार ठोके दिले, खपली नसलेल्या जागी.

"चहा घे," म्हणाले.

कार्डाचं राहिलं. रिपेअरवाल्याने जुनं कार्ड पिशवीत घालून परत दिलं होतं. पावसाळ्यात काम नसताना ते मशीनमध्ये परत बसवून पाहिलं. चाललं. अजून तेच आहे आत. नवं कार्ड गॅरेजच्या डब्यात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलंय.